उतारा घटला हे कळलं. का घटला, हे कोण सांगणार?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तीन वर्षांपासून हिशेब पाहतात. शिक्षण बी.कॉम., टॅली आणि एक्सेल सरावाचं. मालकांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून परतला आणि त्याने 'आपल्याकडे बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) बसवायचं' असं ठरवून काम यांच्यावर सोपवलं. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो, 'बीआय म्हणजे नुसते तक्ते, ते जुनं झालं. शिकायचं तर डेटा ॲनालिटिक्स शिक.' छत्रपती संभाजीनगरचा एक क्लास सहा महिन्यांच्या ॲनालिटिक्सच्या कोर्सचे ६५ हजार रुपये सांगतोय आणि वडील सोयाबीनच्या पैशातून फी भरायला तयार आहेत. त्या विचारतात: 'दोन्हींत नेमका फरक काय? थोरलं कोणतं? गणित बारावीनंतर सुटलंय, ॲनालिटिक्स झेपेल का? मिलमध्ये बीआय करत बसले तर मागे पडेन का?' ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: 'मार्चपासून तुरीचा उतारा (म्हणजे तुरीतून निघणाऱ्या डाळीचं प्रमाण) दोन टक्क्यांनी पडलाय. डॅशबोर्ड (आकड्यांचा फलक) आला की कारण कळेल, असं धाकटे मालक म्हणतात.'

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ताज्या कलमात टाकली आहे. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करू.

'उतारा किती आला?' हा प्रश्न तुमच्या मिलमध्ये रोज विचारला जातो. मालक विचारतात, मिस्त्री विचारतो, बँकेचा माणूस वर्षातून एकदा विचारतो. प्रश्न तोच, आकडा रोज नवा. तो सगळ्यांना एकाच व्याख्येने, एकाच ठिकाणी, वेळेवर मिळावा यासाठी जी व्यवस्था लावायची ती बिझनेस इंटेलिजन्स. 'मार्चपासून उतारा का पडला?' हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तो रोज विचारायचा नाही. उत्तर शोधताना तोच बदलत जातो: सगळ्याच लॉटचा पडला की काहींचा? लाल तुरीचा की पांढरीचा? ठरावीक आडतीवरून आलेल्या मालाचा की ठरावीक आठवड्यात भरडलेल्या? आणि शेवटी काहीतरी निर्णय झाला की फाइल बंद. हे डेटा ॲनालिटिक्स.

म्हणजे धाकट्या मालकांची अपेक्षा जरा चुकीच्या दाराशी उभी आहे. डॅशबोर्ड त्यांना उतारा घटल्याचं चौथ्या दिवशी दाखवेल, आज जे दीड महिन्याने कळतंय. ही काही लहान गोष्ट नाही. पण कारण तो सांगणार नाही. कारण शोधायला माणूस बसावा लागतो.

मामेभाऊ म्हणतो त्यात निम्मं तथ्य आहे. बीआय मागचं दाखवतं आणि ॲनालिटिक्स पुढचं सांगतं, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. परीक्षेत लिहायला ती सोयीची आहे. पण तुमच्याच मिलकडे पाहा. 'मार्चमध्ये का पडला' हा शोध पूर्णपणे मागच्या काळाचा आहे, तरी तो ॲनालिटिक्स आहे. आणि 'बारदाना आठवडाभरच पुरेल' असा लाल दिवा उद्याबद्दल बोलतो, तरी तो बीआयच आहे. काळावरून भेद करायला गेलं की असा घोटाळा होतो. प्रश्न आधी ठरलेला आहे की अजून शोधायचा आहे, यावरून करा. बहुतेक वेळा बरोबर येईल. सीमारेषा धूसर आहेच. ॲनालिटिक्सची पुस्तकं वर्णन, निदान, अंदाज आणि उपाय अशा चार पायऱ्या मांडतात. त्यातली पहिली जवळजवळ सगळी बीआयच्या अंगणात येते.

'जुनं' म्हणाल तर 'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्द खरोखरच जुना आहे. १८६५ साली रिचर्ड डेव्हन्स यांनी तो एका सावकाराबद्दल वापरला. इतरांच्या आधी बातमी मिळवून नफा कमावणारा माणूस, या अर्थाने. लातूरच्या आडत बाजारात हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १९५८ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी याच नावाचा शोधनिबंध लिहिला आणि १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेसनर यांनी आजच्या अर्थाने तो रुळवला. शब्द जुना झाला म्हणून काम संपत नाही. रोजकीर्द किती जुनी आहे!

आणि नावांवर फार विसंबू नका. पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं बीआयचं साधन. त्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा पीएल-३००, आणि ती पास होणाऱ्याला पदवी मिळते 'डेटा ॲनालिस्ट'ची. बनवणाऱ्यांनीच दोन्ही नावं एका पाटीवर लावली आहेत, तर क्लासवाल्यांना काय बोलणार?

आता थोरलं-धाकटं. तुमच्या मिलमध्ये आज दोन्ही उभं राहू शकत नाही, आणि ते सॉफ्टवेअर नाही म्हणून नाही. 'उतारा' म्हणजे काय हेच तिथे ठरलेलं नसणार. बहुतेक मिलमध्ये नसतं. एक लॉट घ्या. १०० क्विंटल तूर खरेदी झाली. चाळणीत माती-काडी-खडे ४ क्विंटल गेले, ९६ क्विंटल भरडायला गेली. डाळ आली ७० क्विंटल, तुकडा ३. मालक खरेदीच्या पट्टीवरच्या (आडतीच्या बिलावरच्या) वजनाने भागतात: ७० टक्के. मिस्त्री चाळणीनंतरच्या वजनावर भागतो: ७२.९. कोणी तुकडाही डाळीत धरतो: ७३. मिस्त्रीने तुकडा धरला तर ७६. लॉट एकच, उतारे चार, आणि चौघंही खरं बोलतायत. पडलेले 'दोन टक्के' नेमके कोणाच्या उताऱ्यातले, हे आधी विचारा. फेब्रुवारीपर्यंत एक माणूस आकडा सांगायचा आणि मार्चपासून दुसरा सांगतो, एवढंच निघालं तर सगळी चौकशी तिथेच मिटेल. हसू नका, असं होतं.

म्हणून पहिलं काम संगणकाचं नाही. एक कोरा कागद घ्या. त्यावर उताऱ्याची व्याख्या मराठीत एका वाक्यात लिहा आणि मालक, धाकटे मालक, मिस्त्री अशा तिघांच्या सह्या घ्या. माझ्या मते दोन आकडे ठेवावेत: खरेदीच्या वजनावरचा उतारा म्हणजे आडतीवरची पारख कशी झाली ते, आणि चाळणीनंतरच्या वजनावरचा उतारा म्हणजे मिल कशी चालली ते. एकाच आकड्यात दोन्ही कोंबलं की खरेदीचा दोष मशीनवर जातो, मशीनचा खरेदीवर, आणि अशा भांडणाचा निकाल लागत नाही.

व्याख्या झाली की नोंद. टॅलीत तुम्ही उत्पादनाची नोंद बहुधा महिन्याअखेरीस एकरकमी करता. हिशेबाला ते चालतं, इथे चालणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेली तूर मे-जूनपर्यंत भरडली जाते; महिन्याची खरेदी आणि महिन्याची डाळ यांचा भागाकार केला तर जो आकडा येईल त्याला काही अर्थ नाही. उतारा लॉटवर काढायचा. टॅलीत बॅचची सोय चालू करा, प्रत्येक लॉटला क्रमांक द्या आणि भरडण झाली की त्या लॉटची मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये नोंद करा: आत किती, बाहेर डाळ किती, तुकडा किती, चुनी (दाण्याचा चुरा) किती, टरफल किती.

मग प्रत्येक लॉटचा वजनाचा ताळा घ्या. आत गेलेलं वजन वजा बाहेर आलेलं सगळं, म्हणजे घट. धूळ आणि उडालेला ओलावा यांची थोडी घट असणारच. ती अचानक मोठी दिसली तर चुनीची पोती काट्यावर न चढता परस्पर पशुखाद्यवाल्याच्या गाडीत गेली असतील, नाहीतर एका लॉटची डाळ दुसऱ्याच्या नावावर पडली असेल. आणि घट उणे आली, म्हणजे आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं, तर नोंदीची चूक म्हणून लगेच खोडू नका. तुरीला तेल-पाणी लावून मुरवताना पाणी आत जातं. वाळवण कमी पडली तर ते डाळीत राहतं आणि वजनात दिसतं. तो आकडा डाळ ओली असल्याचं सांगत असेल. ती तशीच पोत्यात भरली तर पुढे खराब व्हायची भीती असते.

इथपर्यंत आलात की एक्सेल पुरेसं आहे. टॅलीतून दर आठवड्याला नोंदवही एक्सेलमध्ये काढा. टॅलीप्राइममध्ये रिपोर्ट उघडा असताना कंट्रोल आणि ई. या सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एक्सेलच्या डेटा टॅबमधून पॉवर क्वेरीला तो फोल्डर दाखवला की सगळ्या फाइली ती एकाखाली एक जोडते. स्वच्छता एकदाच शिकवायची. पुढच्या आठवड्यापासून नुसतं रिफ्रेश दाबायचं. कॉपी-पेस्टचा जमाना एवढ्याने संपतो. फाइलींमधल्या रकान्यांची नावं मात्र दर वेळी अगदी तीच हवीत. एका फाइलीत 'वजन' आणि दुसरीत 'वजन ' असं शेवटी एक मोकळी जागा असलेलं नाव असेल, तर अख्खा रकाना रिकामा येतो आणि कारण डोळ्यांना दिसत नाही.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली तारखेची. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर हाताने टाकलेली ०५/०३, म्हणजे ५ मार्च, ती ३ मे म्हणून वाचली जाते. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, नुसता मजकूर राहतात. परिणाम असा की मार्चचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात आणि उरलेले गायब होतात. तुमचा प्रश्नच मार्चचा आहे, तेव्हा हे आधी तपासा. विंडोजच्या रिजन सेटिंगमध्ये इंग्लिश-इंडिया निवडा आणि पॉवर क्वेरीत तारखेचा रकाना बदलताना 'युजिंग लोकेल' वापरा. दुसरी ठेच नावांची. एकच आडत तीन स्पेलिंगांनी नोंदलेली असते, औसा दोन प्रकारे, निलंगा तीन प्रकारे. नोंदीत नाव टाइप करूच देऊ नका. यादीतून निवडायला लावा. जुन्या नोंदींसाठी 'चुकीचं नाव – बरोबर नाव' असा दोन रकान्यांचा तक्ता करून जोडा.

तिसरी चूक तर शिकलेली माणसंही करतात: सरासरीची सरासरी. एका १०० क्विंटलच्या लॉटचा उतारा ७४, दुसऱ्या २० क्विंटलच्या लॉटचा ६५. सरळ सरासरी ६९.५ येते. खरा उतारा १२० क्विंटलला ८७ क्विंटल, म्हणजे ७२.५. तीन टक्क्यांचा हा फरक निव्वळ गणिताच्या पद्धतीने पैदा झाला आहे. तुमचे पडलेले दोन टक्के त्यापेक्षा कमी आहेत, हे लक्षात घ्या. टक्केवारीचा रकाना साठवूच नका. वजनं साठवा, भागाकार शेवटी, बेरजेनंतर.

पॉवर बीआय धाकट्या मालकांना हवंच असेल तर डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, विंडोजवर चालते. शिकायलाही तीच वापरा. पैसे लागतात ते इतरांना दाखवायला. तिथे तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. ऑनलाइन सेवेत जीमेलच्या पत्त्यावर खातं उघडत नाही. कंपनीच्या डोमेनचा ईमेल लागतो. फाइल मिलच्या संगणकावरच असेल तर ती आपोआप ताजी व्हायला गेटवे नावाचा प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि त्या वेळी तो संगणक चालू हवा; लोडशेडिंगच्या वेळेला रिफ्रेश लावून ठेवलं तर रोज तोच जुना आकडा दिसेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून पानावर 'शेवटची नोंद: अमुक तारीख' मोठ्या अक्षरात ठेवा. तिसरी गोष्ट धोक्याची. 'पब्लिश टू वेब' हा पर्याय फुकट दिसतो म्हणून दाबू नका. त्याची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला, पासवर्डशिवाय, तुमचे खरेदीचे भाव दिसतात.

पाहणारे तिघंच असतील तर रोज सकाळी नऊ वाजता व्हॉट्सॲपवर एका पानाची पीडीएफ, हेही अस्सल बीआय आहे. लाजू नका त्याला. पानावर पाच आकडे: कालची भरडण, दोन उतारे, डाळीचा साठा किती दिवसांचा, आडतीची देणी. पाचाचे पंधरा झाले की कोणी वाचत नाही.

आकड्यांना पंचांगही जोडा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. या दोन वर्षांचे ऑक्टोबर समोरासमोर ठेवले तर विक्री वाढल्यासारखी दिसेल. वाढला असेल तो फक्त सण, अलीकडे सरकल्याने. आणि येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी अख्खा जिल्हा शेतात आंबील पीत बसलेला असतो. त्या दिवशीच्या आवकीचा शून्य पुण्याहून पाहणाऱ्याला बिघाड वाटेल. तुमच्या तारखांच्या तक्त्यात 'बाजार बंद' असा एक रकाना असायलाच हवा. तो कोणत्याही क्लासच्या नमुन्यात सापडणार नाही.

आता खरा प्रश्न: का पडला?

ॲनालिटिक्सची सुरुवात आकडेमोडीने होत नाही, किमतीने होते. दिवसाला १०० क्विंटल भरडण धरू. दोन टक्के म्हणजे २ क्विंटल डाळ. ती हवेत जात नाही, सगळी चुनीत गेली असं धरू. डाळ ११० रुपये किलो आणि चुनी २५ धरली, तर किलोमागे ८५ रुपये, दिवसाला १७ हजार, पंचवीस दिवसांच्या महिन्याला सव्वाचार लाख. भाव तुमचे घाला. हा आकडा आधी काढण्याचं कारण असं की शोधावर किती वेळ घालवावा हे त्यावर ठरतं. दिवसाला ७०० रुपयांचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, सोडून द्या.

मग मिस्त्रीजवळ बसा आणि संभाव्य कारणं त्याच्या तोंडून लिहून घ्या. ती साधारण अशी निघतील. तूर ओली आली: टरफल दाण्याला चिकटून राहतं, जास्त वेळा फिरवावी लागते, दाणा घासला जाऊन पीठ होतं. दाणा बारीक किंवा सुरकुतलेला: टरफलाचा वाटा मुळातच जास्त. वाण वेगळं: बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या वाणांतलंच बीडीएन ७११ पांढऱ्या दाण्याचं, बीएसएमआर ७३६ लाल; दोन्ही एकाच चाळणीवर, एकाच रोलवर सारखी चालतील असं धरू नका. रोलवरची एमरी (टरफल घासून काढणारा खरखरीत थर) झिजली: टरफल निघत नाही, फेऱ्या वाढतात. मार्चच्या उन्हात जास्त वाळली: दाणा फुटतो, तुकडा वाढतो. आता पाहा, यातलं प्रत्येक कारण वजनांत वेगळी खूण सोडतं. चुनी वाढली की तुकडा वाढला, एवढ्यावरून निम्मी कारणं गळतात. म्हणून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू वेगळी मोजायला सांगितलं.

एका लॉटची एक ओळ, असे चाळीस-पन्नास लॉट जमले की ओलावा आडव्या अक्षावर, उतारा उभ्या अक्षावर असे ठिपके काढा. एक्सेलमध्ये स्कॅटर चार्ट. ठिपके उतरत गेले तर ओलाव्यावर संशय. पण इथे थांबून निर्णय घेऊ नका, कारण कारणं एकमेकांचा हात धरून येतात. समजा ओला माल एकाच आडतीवरून येतो आणि तो मार्चमध्येच आला, आणि मार्चमध्येच एमरी झिजलेली होती. मग दोष ओलाव्याचा, आडतीचा की रोलचा? ठिपके सांगू शकत नाहीत. आधी वाटण्या करून पाहा: फक्त एकाच आडतीचे लॉट घेऊन तेच चित्र दिसतं का? फक्त कोरडे लॉट घेतले तरी मार्चनंतर उतारा पडलेलाच आहे का?

तरी उलगडलं नाही तर प्रयोग. रोलवर नवी एमरी चढवायच्या आदल्या दिवशी एक लॉट अर्धा भरडा, चढवल्यावर उरलेला अर्धा. अर्धे करताना थप्पीचा वरचा आणि खालचा असे करू नका. खालची पोती दमट असतात. एकाआड एक पोतं डावीकडे-उजवीकडे टाका. एका लॉटवर भागवू नका, तीन लॉटवर करा. तिन्हींचा कल एकाच बाजूला गेला तर मालकांसमोर जायला हरकत नाही. हमालांना हा पोरखेळ वाटेल. दोन चहा जास्त जातील.

तुम्ही गणिताला घाबरता. वर जे लागलं ते मोजा: टक्केवारी, वजनी सरासरी, ठिपक्यांचं चित्र आणि 'हा फरक योगायोगाने पडू शकतो का' हा संशय. कॅल्क्युलस कुठे आलं? पुढे अंदाजाची मॉडेलं करायला गेलात तर संख्याशास्त्र लागेल, ते त्या वेळी शिकता येतं. शाळेतल्या गणितापेक्षा संशय घेण्याची सवय इथे जास्त उपयोगी पडते, आणि तीन वर्षं आडतीच्या पट्ट्या ताळ्यात बसवलेल्या माणसाला ती नव्याने शिकवावी लागत नाही.

फीबद्दल स्पष्ट सांगते: ६५ हजार आत्ता देऊ नका. कोर्स वाईट असेल असं नाही. पण कशासाठी घेताय हे तुम्हाला सहा महिन्यांनी आजच्यापेक्षा जास्त नेमकं कळलेलं असेल. तोवर क्रम असा धरा. पॉवर क्वेरी आणि पिव्होट, एक महिना. त्यानंतर एसक्यूएल (साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा), दोन महिने, रोज तासभर. बीआय असो की ॲनालिटिक्स, दोन्हीकडच्या नोकऱ्यांत हे मागतात आणि क्लासवाले हेच आठवडाभरात उरकतात. मग पॉवर बीआय, आणि त्यातही रंगीत चार्टांपेक्षा तक्ते एकमेकांना कसे जोडायचे ते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शेवटी. मायक्रोसॉफ्ट लर्न आणि सरकारचं स्वयम् या दोन संकेतस्थळांवर बरंचसं विनाशुल्क शिकता येतं.

तरीही क्लास लावायचा ठरला तर फी भरण्याआधी विचारा: एसक्यूएलचे तास किती? सरावाला दिलेला डेटा आधीच स्वच्छ केलेला असतो की आम्ही करायचा? स्वच्छ केलेल्यावर शिकणं म्हणजे निवडलेल्या तांदळाचा भात लावण्यासारखं. खडे काढायला कोणी शिकवत नाही. शंभर टक्के नोकरीची हमी असेल तर ती कागदावर, फी परत करण्याच्या अटीसह द्या म्हणावं. आणि प्रकल्पासाठी मिलची फाइल क्लासला नेऊ नका. मालकांची लेखी परवानगी घ्या, आडत्यांची नावं काढा, भाव एखाद्या संख्येने गुणून बदला, शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर तर मुळात त्या फाइलीत नकोतच.

मागे पडण्याची भीती. नोकरीच्या जाहिराती वाचताना पदाचं नाव झाका आणि खालचं वाचा. डेटा मॉडेल, डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा), गेटवे, रिफ्रेश, कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे अधिकार असं असेल तर काम बीआयचं. संख्याशास्त्र, गृहीतक तपासणं, रिग्रेशन, पायथन असं असेल तर ॲनालिटिक्सचं. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी निघणाऱ्या जाहिरातीत दोन्हींची खिचडी दिसली तर घाबरू नका. मागणाऱ्यालाही बऱ्याचदा नक्की माहीत नसतं. मुलाखतीत 'डॅशबोर्ड बनवला' म्हणणारे पुष्कळ येतात. 'उतारा पडला होता, पाच कारणं होती, तीन अशी गळली, उरलेल्या दोनांवर असा प्रयोग केला' असं सांगणारे फार थोडे. ते सांगायची संधी तुमच्यासमोर आज पगारासकट पडली आहे.

हीच वाटणी इतर धंद्यांतही लावून पाहता येईल. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये टनामागे विजेचे युनिट किती, हे रोजचं, बीआय; रात्रपाळीला जास्त का लागतात, हा शोध. वसमतला हळद पॉलिश करताना घट किती, हे रोजचं. एका गावच्या हळदीला जास्त का, हा शोध. पतसंस्थेत थकीत हप्त्यांची यादी रोजची. वेळेवर भरणारे कर्जदार अचानक का थकू लागले, हा शोध. रोजचं आधी नीट लावा, कारण शोधाला लागणारा कच्चा माल तिथूनच येतो. मात्र रोजचं सगळं लागेपर्यंत शोध थांबवून ठेवू नका. तुमचा उतारा आज पडतोय.

धाकट्या मालकांशी बोलताना 'डॅशबोर्डने कारण कळणार नाही' असं तोंडावर म्हणू नका. उत्साहाने आलेत बिचारे. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा: दाण्यातला ओलावा मोजायचं डिजिटल यंत्र, चुनी आणि तुकड्यासाठी वेगळा काटा, आणि रोजचा एक तास ज्यात तुम्हाला कोणी बिलं करायला बसवणार नाही. बदल्यात पहिल्या महिन्याअखेरीस एका पानाचा रोजचा अहवाल सुरू करून द्या आणि पन्नास लॉट झाले की उताऱ्याबद्दल लेखी निष्कर्ष द्या, मग तो 'अजून सांगता येत नाही' असा का असेना.

नोंदवही मिलच्या दारात ठेवा, ऑफिसात नको. आठच रकाने: लॉट क्रमांक, भरडायची तारीख, चाळणीनंतरचं वजन, ओलावा, डाळ, तुकडा, चुनी, टरफल. आडत, गाव, तुरीचा रंग, खरेदीचं वजन हे तुमच्याकडे पट्टीवर आहेच. ते मिस्त्रीला पुन्हा लिहायला लावू नका. ओलावा तूर चाळणीवर चढताना मोजायचा, मुरवल्यानंतर नाही, आणि तोही वरच्या, मधल्या व खालच्या पोत्यातला मूठमूठ दाणा एकत्र करून. एमरी चढवली त्या दिवशी वहीत लाल शाईने आडवी रेघ. आणि पेन दोरीने बांधा. पहिल्या आठवड्यात नोंदी बुडतात त्या बहुतेक पेन सापडत नाही म्हणून.